डेटा ब्रेकपॉइंट काढताना: केडी, जीडीबी आणि त्यांच्या भावंडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेमरीतल्या एखाद्या जागी नको ती किंमत कोण लिहून जातंय हे पकडायला डेटा ब्रेकपॉइंटसारखं, म्हणजे त्या जागेला हात लागताच मशीन थांबवणाऱ्या पहाऱ्यासारखं, दुसरं साधन नाही. तो लावायचा कसा, हे कुणीही शिकवतं. काढायचा कसा, हे मात्र बहुतेकांना ठेच लागल्यावरच कळतं. नव्याने कर्नल किंवा ड्रायव्हर तपासायला बसणाऱ्यांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर विंडोजच्या केडी या कमांड-लाइन कर्नल डीबगरवर आहे, कारण माझा सर्वाधिक वेळ तिथे गेला, त्याखालोखाल जीडीबी या डीबगरवर.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत: बीए (डेटा ब्रेकपॉइंट लावायला), बीएल (यादी पाहायला), बीसी (काढायला), बीडी (बंद करायला), बीई (परत चालू करायला). प्रॉम्प्टवर त्या रोमन लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायच्या. आकडेही इंग्रजीच (1, 2, 3).

साध्या ब्रेकपॉइंटपेक्षा डेटा ब्रेकपॉइंट वेगळा कसा? तो काढण्यासाठी वेगळं काही समजून घ्यावं लागतं का?

हो, आणि तेच आधी समजून घ्या, कारण पुढचे निम्मे प्रश्न त्यातून सुटतात.

कोडवरचा साधा ब्रेकपॉइंट म्हणजे त्या सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी डीबगरने तात्पुरता बसवलेला एक बाइट, हेक्समध्ये सीसी. असे केडीत ३२ पर्यंत बसवता येतात, आणि यूझर मोडमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रामांत, हवे तितके. काढायचा म्हणजे मूळ बाइट जागेवर ठेवायचा.

डेटा ब्रेकपॉइंट मेमरीत काहीच बदलत नाही. तो प्रोसेसरच्या आत राहतो. इंटेलच्या ८०३८६ पासून, म्हणजे १९८५ पासून, या घराण्यातल्या प्रोसेसरांमध्ये डीबग रजिस्टरं आहेत. डीआर० ते डीआर३ या चारांत पत्ते राहतात. त्यातला कुठला पत्ता चालू, पहारा लिहिण्यावर की लिहिण्या-वाचण्यावर, आणि किती बाइटांवर, हे सगळं डीआर७ मध्ये नोंदलेलं असतं. घटना घडली की कुठल्या पत्त्यावर घडली, ते डीआर६ सांगतं. पत्त्यांच्या जागा चारच, आणि चाळीस वर्षांनंतरही चारच आहेत.

भिंतीला चार खुंट्या आहेत असं समजा. काम झालेला सदरा तिथेच लटकत राहिला तर नव्याला जागा उरत नाही. डेटा ब्रेकपॉइंट काढणं म्हणजे खुंटी मोकळी करणं.

केडीमध्ये एखादा डेटा ब्रेकपॉइंट काढायची सरळ रीत कोणती?

टार्गेट, म्हणजे तपासलं जाणारं, मशीन चालू असेल तर आधी कंट्रोल-सी दाबून थांबवा. प्रॉम्प्ट आला की बीएल द्या. यादीत प्रत्येकापुढे क्रमांक असतो, मग चालू असल्यास ई किंवा बंद असल्यास डी, आणि पत्ता. डेटा ब्रेकपॉइंटच्या ओळीत शिवाय डब्ल्यू किंवा आर हे अक्षर आणि बाइटांची संख्या दिसते. कोडच्या ओळीत ही जोडी नसते, म्हणून दोन्ही प्रकार एकाच यादीत असले तरी चटकन वेगळे ओळखता येतात.

हवा तो क्रमांक पाहून बीसी २ असं द्या. एकाहून जास्त असतील तर बीसी ० २, सलग असतील तर बीसी १-३, सगळेच उडवायचे तर बीसी *. डीबगर यावर चकार शब्द काढत नाही, खात्रीही विचारत नाही. म्हणून लगेच पुन्हा बीएल द्यायची सवय लावून घ्या. दोन अक्षरं टाइप करायला काहीच लागत नाही, आणि चुकीचा क्रमांक उडवला असेल तर तो त्याच क्षणी लक्षात येतो.

बीसी आणि बीडी यांत नेमका काय फरक? मी नेहमी बीडीच वापरतो.

बीडीने ब्रेकपॉइंट यादीत राहतो, फक्त बंद होतो. बीईने परत चालू होतो. बीसीने तो यादीतूनच जातो. बंद ठेवलेला ब्रेकपॉइंट, मशीन पुन्हा चालू करताना, प्रोसेसरच्या रजिस्टरात भरला जात नाही, म्हणून खुंटीपुरतं पाहिलं तर बीडीनेही काम भागतं.

मग बीसी का वापरायचा? कारण दुपारी बंद ठेवलेला पत्ता संध्याकाळी कशाचा होता हे आठवत नाही. कोडवरच्या ब्रेकपॉइंटजवळ निदान फंक्शनचं नाव असतं. डेटा ब्रेकपॉइंट बहुतेकदा पूल किंवा हीपमधल्या, म्हणजे चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीतल्या, नुसत्या पत्त्यावर असतो, आणि पत्त्याचा मालक बदलतो. तासाभरात परत लागणार असेल तर बीडी. नाहीतर बीसी, असं मी करतो.

क्रमांक १ काढल्यावर २ चा १ होतो का?

नाही. २ हा २ च राहतो. पण क्रमांक दिला नाही तर पुढचा नवा ब्रेकपॉइंट पहिली रिकामी जागा घेतो, म्हणजे १. त्यामुळे सकाळच्या टिपणातला «ब्रेकपॉइंट १» आणि दुपारचा «ब्रेकपॉइंट १» भलतेच असू शकतात. लॉगमध्ये क्रमांकासोबत पत्ताही लिहा.

जीडीबीत उलट आहे. तिथे एका सत्रात दिलेला क्रमांक पुन्हा दिला जात नाही. ३ काढला तरी पुढचा ४ किंवा त्यावरचाच येतो. दोन्ही डीबगर रोज वापरणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

पाचवा लावला तेव्हा काहीच तक्रार आली नाही. जी (मशीन पुढे चालवायची आज्ञा) दिल्यावर मात्र डीबगर अडून बसला. असं का?

कारण बीए दिल्याक्षणी रजिस्टरं भरली जात नाहीत. डीबगर आपल्या यादीत नोंद करतो आणि जी देऊन मशीन सोडताना पत्ते प्रोसेसरमध्ये उतरवतो. तिथे पाचव्याला जागा नसते, म्हणून डेटा ब्रेकपॉइंट फार झाले अशी तक्रार येते, अमुक क्रमांक बसवता आला नाही असं सांगितलं जातं आणि मशीन पुढे सरकत नाही. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. बीएल पाहा, नको असलेला एक बीसीने काढा, परत जी द्या.

नेमका कुठला काढायचा, हा खरा प्रश्न. एका रचनेतल्या शेजारशेजारच्या चार बाइटांच्या दोन फील्डांवर दोन ब्रेकपॉइंट असतील, आणि ६४ बिट मशीनवर त्यांचा मिळून सुरुवातीचा पत्ता ८ ने भागला जात असेल, तर ते दोन्ही काढून ८ बाइटांचा एकच लावा. एक खुंटी वाचते. पत्ता लांबीने भागला गेलाच पाहिजे, ही प्रोसेसरचीच अट आहे.

बीसी केलं, यादी रिकामी आहे, तरी मशीन थांबतंच. का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि याला एकच उत्तर नाही. आधी थांबताना पडद्यावर काय छापलं गेलं ते वाचा. बहुतेकजण तीच ओळ वाचत नाहीत.

तुमचाच ब्रेकपॉइंट लागला असेल तर डीबगर «ब्रेकपॉइंट अमुक हिट» असं क्रमांकासह सांगतो. त्याऐवजी अपवादाचा कोड ८००००००३ दिसला, तर कुठल्यातरी कोडमध्येच थांबण्याची सूचना लिहिलेली आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तपासासाठी घातलेली आणि काढायची विसरलेली ओळ किंवा फसलेला असर्ट (कोडने स्वतःचीच केलेली तपासणी), असं काहीतरी. त्याचा तुमच्या यादीशी संबंध नाही; बीसी हजार वेळा द्या, ते थांबणारच.

कोड ८००००००४ असेल तर प्रकरण जास्त रंजक आहे. हा एका पावलाचा, म्हणजे सिंगल स्टेपचा अपवाद, आणि डीबग रजिस्टरांमुळे होणारा ट्रॅप (प्रोसेसरने घडवलेला थांबा) विंडोजवर याच कोडने येतो. डीबगरला तो आपला म्हणून ओळखता आला नाही, म्हणजे रजिस्टर दुसऱ्या कुणीतरी भरलेलं असू शकतं. प्रोग्राम स्वतःच्या थ्रेडच्या कॉन्टेक्स्टमधली डीबग रजिस्टरं बदलू शकतो, आणि नक्कल रोखणारी काही संरक्षणं मुद्दाम तसं करतात. त्याच मशीनवर यूझर मोडचा दुसरा डीबगर एखाद्या प्रोसेसला जोडलेला असेल, तर त्याचे ब्रेकपॉइंट तुमच्या केडीच्या यादीत दिसणार नाहीत.

शंका असेल तर आर डीआर७ देऊन रजिस्टर पाहा. एकही ब्रेकपॉइंट चालू नसताना त्यात साधारणपणे हेक्समध्ये ४०० असतं, कारण दहावा बिट नेहमी १ असतो. खालच्या आठ बिटांत काही दिसलं तर कुठलीतरी खुंटी अजून भरलेली आहे. मात्र बीसीनंतर लगेच पाहू नका. एकदा जी देऊन मशीन पुढे जाऊ द्या, परत थांबवा, आणि मग पाहा. डीबग रजिस्टरं प्रत्येक कोअरची स्वतंत्र असतात, तेव्हा ~१एस, ~२एस असं करत बाकीच्या प्रोसेसरांवरही नजर टाका.

डीआर६ वर मात्र विसंबू नका. तिथला जुना बिट प्रोसेसर आपणहून पुसेलच असं नाही, आणि डीआर७ मध्ये बंद असलेल्या पत्त्याचाही बिट तिथे उमटू शकतो. डीआर६ मध्ये १ दिसला म्हणून ब्रेकपॉइंट अजून जिवंत आहे, असा अर्थ काढणं चूक.

ज्या मेमरीवर ब्रेकपॉइंट होता ती सोडून दिली गेली. आता तो आपोआप जाईल ना?

नाही. कृपा करून हे विसरू नका.

प्रोसेसरला पत्ता माहीत असतो, मालक माहीत नसतो. कर्नल पूलमधला ब्लॉक परत केला की थोड्या वेळाने तोच पत्ता दुसऱ्याच ड्रायव्हरच्या हाती पडतो. तो त्यावर हक्काने लिहितो आणि तुमचा ब्रेकपॉइंट लागतो. स्टॅकवर, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्या साखळीत, अनोळखी ड्रायव्हरचं नाव दिसतं, आणि आपल्याला वाटतं, सापडला चोर.

माझे दोन दिवस असे गेले आहेत. एका स्टोरेज ड्रायव्हरच्या रचनेतला गणक मधूनच शून्य होत होता. मी त्यावर चार बाइटांचा ब्रेकपॉइंट लावला, दोनदा खरा लेखक मिळाला, तिसऱ्यांदा नेटवर्कच्या ड्रायव्हरचा कोड दिसला. मी त्या ड्रायव्हरचं कामच पूर्ण वाचून काढलं. शेवटी कळलं की तिसऱ्या वेळेआधीच आमची रचना रीतसर सोडून दिलेली होती. नेटवर्कचा ड्रायव्हर आपल्याच मेमरीत लिहीत होता. दुसऱ्या हिटनंतर मी बीसी केलं असतं तर तो प्रश्नच उद्भवला नसता.

तेव्हापासून मी रचना सोडणाऱ्या फंक्शनवर एक साधा ब्रेकपॉइंट लावून ठेवतो. तिथे थांबलं की आधी डेटा ब्रेकपॉइंट काढतो, मगच पुढे जातो. आणि अनोळखी स्टॅक दिसला की पहिल्यांदा !पूल देऊन तो पत्ता सध्या कुणाच्या नावावर आहे ते पाहतो.

याचाच धाकटा भाऊ: केडीतून यूझर मोडच्या पत्त्यावर लावलेला ब्रेकपॉइंट. तोच आभासी पत्ता प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळ्या मेमरीकडे बोट दाखवतो, म्हणून भलत्याच प्रोसेसमध्ये हिट होतात. तो काढा आणि /पी पर्यायाने प्रोसेसचा पत्ता देऊन नव्याने लावा.

ब्रेकपॉइंट इतक्या वेळा लागतोय की मशीन गोठल्यासारखं झालंय. आता काढू कसा?

प्रत्येक हिटला काही छापून पुढे जाण्याची आज्ञा जोडलेली असली आणि जोडणी ११५२०० बॉडच्या सीरियल केबलवरून असली, की हे होतंच. कंट्रोल-सी एकदा दाबून थांबा. सारखं दाबत राहू नका. प्रॉम्प्ट मिळाला की आधी बीडी *, म्हणजे रक्तस्राव थांबतो. मग शांतपणे बीएल पाहून दोषी तेवढाच बीसीने काढा. घाईत बीसी * देऊन काळजीने लावलेले बाकीचे सगळे घालवून बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

चुकून सगळे उडवले. परत आणता येतात?

केडीत मागे फिरायची आज्ञा नाही. पण काढण्यापूर्वी .बीपीसीएमडीएस दिलीत तर सध्याचे सगळे ब्रेकपॉइंट लावण्याच्या आज्ञाच पडद्यावर येतात. सत्राच्या सुरुवातीला .लॉगओपन करून ठेवलं असेल तर त्या फाइलमध्येही राहतात, आणि हव्या त्या ओळी परत चिकटवता येतात. जीडीबीत सेव्ह ब्रेकपॉइंट्स आणि फाइलचं नाव द्यायचं. परत आणताना सोर्स आणि तेच नाव.

एकदाच लागावा आणि स्वतःच निघून जावा, असं करता येतं का?

येतं, आणि शक्य तिथे हेच करा. बीएला /१ हा पर्याय जोडा. पहिल्या हिटनंतर ब्रेकपॉइंट यादीतून कायमचा जातो. जीडीबीत लावल्यानंतर इनेबल डिलीट आणि क्रमांक द्या.

हिट झाल्या झाल्या काढला तर काही पुरावा जातो का?

स्टॅक आणि रजिस्टरं जागेवरच राहतात. फक्त एक ध्यानात ठेवा: डेटा ब्रेकपॉइंटचा ट्रॅप सूचना पार पडल्यानंतर येतो. पडद्यावर दिसणारी सूचना गुन्हेगाराच्या पुढची असते. यूबी देऊन मागची पाहा, के देऊन स्टॅक घ्या, मग काढा.

जीडीबीमध्ये क्लिअर दिलं तरी वॉचपॉइंट गेला नाही. का?

जीडीबी यांना वॉचपॉइंट म्हणतो. वॉच लिहिण्यासाठी, आरवॉच वाचण्यासाठी, एवॉच दोन्हींसाठी. तिथलं क्लिअर कोडमधल्या जागेवरचे ब्रेकपॉइंट काढतं. वॉचपॉइंट कोडच्या जागेला बांधलेला नसतो, म्हणून क्लिअरला तो दिसत नाही. केडीच्या बीसीतला सी क्लिअरचाच, त्यामुळे तिकडून आलेला माणूस इथे फसतो.

बरोबर आज्ञा डिलीट आणि क्रमांक. क्रमांक इन्फो वॉचपॉइंट्समध्ये दिसतात.

याहून वाईट सापळा नुसत्या डी या अक्षराचा आहे. केडीत डी म्हणजे मेमरी दाखव. जीडीबीत डी म्हणजे डिलीट, आणि पुढे क्रमांक नसेल तर सगळेच. सुदैवाने जीडीबी खात्री विचारतो. पण तुमच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये सेट कन्फर्म ऑफ असेल तर न विचारता सगळे जातात. मी ती ओळ माझ्या फाइलमधून काढून टाकली आहे. तुम्हीही काढा.

जीडीबीने माझा वॉचपॉइंट न सांगताच काढला!

सांगून काढतो, पण तो संदेश गर्दीत वाहून जातो. स्थानिक व्हेरिएबलवर वॉच लावला असेल तर ते फंक्शन संपताच पदावलीला अर्थ उरत नाही, म्हणून जीडीबी तो स्वतः काढतो. स्टॅकवरच्या त्या जागेचा पुढचा मालक वेगळा असतो, तेव्हा हे वागणं योग्यच आहे. वर पूलबद्दल जे सांगितलं, त्याची काळजी इथे डीबगर घेतो. तरीही पत्ताच पाहायचा असेल तर वॉच -एल वापरा. मात्र मग काढण्याची जबाबदारी तुमची.

हार्डवेअर जागा संपल्या, किंवा सेट कॅन-यूझ-एचडब्ल्यू-वॉचपॉइंट्स ० दिलं, तर जीडीबी एकेक सूचना चालवून किंमत तपासू शकतो. त्याने प्रोग्राम शेकडो पटींनी मंदावतो. अचानक सगळं रेंगाळायला लागलं तर यादीत त्याच्या प्रकारात एचडब्ल्यू, म्हणजे हार्डवेअर, आहे की नाही ते पाहा, आणि नसेल तर तो आधी काढा.

केडीचं सत्र संपवून घरी जायचं आहे. टार्गेट चालू राहायला हवं. आधी काय करू?

क्रम असा: थांबवा, बीसी *, बीएल देऊन यादी रिकामी असल्याची खात्री, जी, आणि मशीन चालू असतानाच केडीतून बाहेर पडायला कंट्रोल-बी व एंटर. जी देण्याआधीच क्यू (सत्र संपवायची आज्ञा) दिलंत तर टार्गेट गोठलेलंच राहतं, आणि रात्रभर चालायची चाचणी सकाळी जिथल्या तिथे सापडते. ब्रेकपॉइंट मागे ठेवून गेलात तर तो लागेल तेव्हा उत्तर द्यायला पलीकडे कुणी नसतं. सामायिक प्रयोगशाळेतलं मशीन असेल तर हे न करणं म्हणजे दुसऱ्याच्या वाटेत खड्डा खणणं.

लिनक्सच्या केडीबीत, फ्रीबीएसडीत, एलएलडीबीत काय?

केडीबी लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये २०१० साली, २.६.३५ या आवृत्तीत आला. हार्डवेअर ब्रेकपॉइंट बीपीएचने लागतो, लिहिण्यावर पहारा हवा तर डेटाडब्ल्यू जोडून. बीएल, बीसी, बीडी, बीई ओळखीचेच. बीसीला क्रमांक, पत्ता किंवा * चालतो.

फ्रीबीएसडीच्या डीडीबीत एचवॉचने लावलेला डीएचवॉचने काढतात, आणि तिथे क्रमांक नाही, पत्ता आणि लांबी द्यायची असते. लावताना कागदावर लिहून ठेवा.

एलएलडीबीत वॉचपॉइंट लिस्ट आणि वॉचपॉइंट डिलीट १. क्रमांक न दिल्यास सगळे काढू का असं विचारतो.

एआरएम बोर्डावरही चारच का?

गरजेचं नाही. ६४ बिट एआरएममध्ये वॉचपॉइंटची रजिस्टरं किमान २ असतात, जास्तही असू शकतात. किती ते चिप बनवणारा ठरवतो. कॉर्टेक्स-एम मायक्रोकंट्रोलरांवर हे काम डीडब्ल्यूटी नावाच्या भागातले तुलनाकार करतात, ते बहुधा चारपर्यंत, आणि लहान चिपांवर त्याहून कमी. चिपच्या पुस्तिकेत आकडा पाहून मगच लावायला सुरुवात करा. दोनच असतील तर दुसरा लावण्याआधी पहिला खरंच अजून लागतो का, हे स्वतःला विचारा.